गळेकाका आणि तेविसावी नळी

सहा महिने आमची प्रयोगशाळा डुकरांच्या लाळग्रंथी कुटत बसली होती, आणि हे आम्हाला कळलं ते कत्तलखान्यातल्या एका माणसामुळे.

मी तिथे टायपिस्ट होते. रुग्णालयाच्या मागच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आमच्या चार खोल्या. थायरॉइडच्या रुग्णांचं रक्त यायचं, त्याचे आकडे निघायचे आणि ते मी कागदावर उतरवायचे. प्रमुख होत्या डॉक्टरबाई. उंच, किडकिडीत, बोलायला फटकळ, डोक्याने तल्लख. फक्त नळ्या फोडण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता.

बाईंना एक नवी तपासणी बसवायची होती. ती काय होती ते मला समजलं तसं सांगते. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी आपल्या मनाने काम करत नाही. मेंदूच्या खाली वाटाण्याएवढी दुसरी एक ग्रंथी असते, तिच्याकडून रक्तातून हुकूम येतो. हुकूम आला की थायरॉइड राबते, पुरे झालं की हुकूम थांबतो. पण काही माणसांच्या रक्तात एक भलताच पदार्थ तयार होतो. तो हुकमाच्या जागेवर ठाण मांडून बसतो आणि ग्रंथीला जुंपून ठेवतो. मग माणूस वाळत जातो, छाती धडधडते, हात कापतात, डोळे वटारल्यासारखे दिसतात. हा पदार्थ रक्तात आहे का, आणि असला तर किती, हे बाईंना मोजायचं होतं. हुकमाची ती जागा असते ग्रंथीच्या पेशींवर. म्हणून डुकरांच्या ताज्या ग्रंथी लागायच्या.

आमचा शिपाई दर सोमवारी कत्तलखान्यातून डबा भरून आणायचा. बाई त्या ग्रंथी वाटून, गाळून, त्यावर रुग्णांचं रक्त तपासायच्या. आणि आकडे यायचे ते वेड्यासारखे. सोमवारी जो माणूस आजारी, तोच गुरुवारी ठणठणीत. बाईंनी रसायनं बदलली, नळ्या बदलल्या, यंत्रावाल्याला बोलावून फैलावर घेतलं. शेवटी एके सकाळी मला म्हणाल्या, "ऊठ. बर्फाचा डबा घे. आज आपणच जाऊ."

मी नाकाला रुमाल लावून त्यांच्या मागे गेले. आत ओल्या फरशीवर पांढरा रबरी एप्रन घातलेला, ठेंगणा, रुंद खांद्यांचा, चाळिशीचा एक माणूस सुरीला धार लावत होता. तो कापणी विभागाचा मुकादम. बाईंनी शिपायाने आणलेल्या गाठी दाखवून विचारलं, "अशाच, पण जरा ताज्या मिळतील का?"

त्याने डब्यात डोकावून पाहिलं. "ह्या कशाला नेता तुम्ही?"

"तपासणीला. थायरॉइड आहेत ह्या."

"कोण म्हणतं?"

बाईंना असं विचारणारं कुणी भेटलेलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "मी म्हणते. मी डॉक्टर आहे."

"असाल की. पण ही लाळेची गाठ आहे, बाई. तुमचा माणूस माणसाच्या गळ्यात जिथे असते तिथे शोधत असणार. डुकराची तिथे नसतेच. ती पार खाली, छातीच्या तोंडाशी, श्वासनळीला धरून असते." असं म्हणून तो वळला, समोरच्या धडात सुरीचं टोक घातलं आणि मी रुमाल नीट करेपर्यंत एक काळपट लाल, गुळगुळीत गोळा आमच्या डब्यात येऊन पडला. "ही बघा. हिला म्हणतात थायरॉइड."

बाई वाकून बघतच राहिल्या. मग विचारलं, "तुम्हाला हे नाव कुणी सांगितलं?"

"माझ्या धाकट्या बहिणीची काढली ना तुमच्याच दवाखान्यात, तीन वर्षांपूर्वी. सर्जनसाहेबांनी चित्र काढून दाखवलं होतं. म्हटलं, अरे, हिला तर मी रोज बघतो!"

परत आल्यावर जिना चढताना बाईंना हसू फुटलं आणि ते दुसऱ्या मजल्यापर्यंत थांबेना. "सहा महिने! सहा महिने थुंकी मोजत होते मी!"

त्यानंतर तो माणूसच ग्रंथी काढून द्यायला लागला. जनावर पडल्यापासून पाच मिनिटांत, चरबी सोलून, थेट बर्फात. आमचे आकडे हळूहळू माणसाळले. एकच रक्त दहा वेळा तपासलं तरी दहाही वेळा तेच उत्तर यायला लागलं. वर्षभराने प्रयोगशाळेत परिचराची जागा निघाली, तेव्हा बाईंनी त्यालाच अर्ज करायला लावला. मुलाखतीला कार्यालयाचे दोन साहेब बसले होते. त्यांनी विचारलं, "या कामाचा अनुभव किती?" तो म्हणाला, "बावीस वर्षं गळे." साहेबांनी एकमेकांकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "हेच मला हवंय."

त्या दिवसापासून ते आमचे गळेकाका झाले. पुढेपुढे तर बाहेरच्या लोकांना ते आडनावच वाटायचं. 'श्री. गळे यांस' अशी पत्रं यायची आणि काका त्यांना बिनदिक्कत उत्तरं द्यायचे.

काकांनी चार वर्षांत सगळी तपासणी हातात घेतली. मधल्या काळात खात्याची परीक्षा देऊन ते रीतसर तंत्रज्ञही झाले. तपासणीचं शेवटचं काम सगळ्यात नाजूक. नळीत ग्रंथीचा अर्क, रुग्णाचं सीरम आणि किरणोत्सर्गाची खूण लावलेला खरा हुकूम, म्हणजे हार्मोन, असं एकत्र ठेवायचं. मग नळ्या गरगर फिरवायच्या. तळाशी तांदळाच्या कणीएवढा पांढरा साका बसतो. वरचं पाणी ओतून टाकायचं, पण साका हलता कामा नये. तो निसटला की तपासणी गेली. बाईंच्या हातून दहातले तीन निसटायचे. काका नळी उचलायचे, मनगट एकदाच वळवायचे, कडेचा थेंब कागदाला टिपायचे आणि पुढची नळी. चाळीस नळ्या, चाळीस साके जागेवर. "बावीस वर्षं सुरी धरली आणि स्वतःचं बोट एकदाही कापलं नाही," हे ते आल्यागेल्याला ऐकवायचे. बढाई होती, पण खोटी नव्हती.

मग साके मोजणी यंत्रात जायचे आणि कागदाच्या पट्टीवर आकडे छापून यायचे. गोम अशी की आकडा जितका लहान, तितका आजार मोठा. रुग्णाच्या रक्तातल्या त्या पदार्थाने जागा अडवल्या की खूण लावलेल्या हार्मोनला बसायला जागाच उरत नाही, मग यंत्र मोजणार काय? मला हे कधीच सरळ उमगलं नाही. काकांनीच समजावलं. "हे बघ, सभेला खुर्च्या शंभर. आपण आपली शंभर माणसं पाठवली, लाल टोपी घालून. दारातून बघितलं तर लाल टोप्या दहाच. याचा अर्थ काय?"

"नव्वद खुर्च्यांवर दुसरंच कुणी बसलंय."

"आणि ते कोण?"

"भलतेच."

"भलते नव्हेत. खोटे साहेब. खरा साहेब हुकूम देऊन घरी जातो. हे जातच नाहीत."

काकांच्या घरी ते एकटेच. आईवडील लवकर गेले, तेव्हा धाकटी बहीण नऊ वर्षांची होती आणि काका वीस. तिला त्यांनीच वाढवलं. लग्नाचं विचारलं तर म्हणायचे, "वेळ कुठे मिळाला?" धाकटी दुकानांच्या पाट्या रंगवायची. आजारी पडली होती ती तिशीच्या आत. वजन झरझर उतरलं, आणि अक्षरं थंडीत कुडकुडल्यासारखी यायला लागली. एका औषधाच्या दुकानदाराने तर पाटी परत पाठवली. मग शस्त्रक्रिया झाली, थायरॉइड काढली, रोज सकाळी एक गोळी सुरू झाली आणि तिचा हात पुन्हा पहिल्यासारखा ठाम झाला. तिचं लग्न झालं. नवरा बस दुरुस्तीच्या कार्यशाळेत फिटर होता, अबोल आणि भला. सात वर्षं मूल नव्हतं. दोघांनी तो विषय सोडूनही दिला होता.

आणि एके दिवशी काका सकाळी प्रयोगशाळेचं दार उघडून उभे राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "मी मामा होणार! पाचवा महिना चालू आहे, आणि मला काल सांगितलं त्या भवानीने!"

त्या दिवशी ते शीळ घालत काम करत होते. दुपारी मात्र शीळ थांबली. जेवणाचा डबा अर्धा टाकून ते बाईंच्या टेबलापाशी गेले.

"बाई, एक विचारू? धाकटीची ग्रंथी काढली. पण ग्रंथी काढली म्हणून रक्तातला तो खोटा साहेब जातो का?"

बाईंनी मान वर केली. "जातो बऱ्याचदा. हळूहळू. काहींचा राहतो."

"म्हणजे कारखाना पाडला, पण त्याला कुणी कळवलंच नाही. तो हुकूम सोडतच बसलाय."

"तसं म्हणा. पण तिला त्याचा त्रास नाही. ग्रंथीच नाही तर तो हुकूम देणार कुणाला?"

"तिच्या पोटात आता दुसरी एक आहे ना," काका म्हणाले. "बाळाची."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मी टाइप करायची थांबले.

"बाळाची ग्रंथी केव्हा कामाला लागते?"

"पाचव्या महिन्याच्या आसपास."

"आणि हा पदार्थ वारेतून बाळापर्यंत जातो?"

"जातो," बाई म्हणाल्या. "मी वाचलंय तसं. आपल्याकडे अजून कुणी पाहिलेलं नाही, कारण कुणी तपासलेलंच नाही." त्या उठल्या, कपाटातून दोन नियतकालिकं काढली, उभ्याउभ्या चाळली आणि मिटून परत ठेवली. "उद्या घेऊन या तिला."

धाकटी आली ती बोटांना निळा रंग लागलेला तसाच घेऊन. सुई टोचताना म्हणाली, "दादा, माझं रक्त आणि डुकराचा गळा एका नळीत घालणार तू? बाळ कुणावर जाईल मग?"

"मामावर," काका म्हणाले. "हात खाली ठेव आणि तोंड बंद."

बाई कामाच्या बाबतीत कडक होत्या. स्वतःच्या माणसाचं रक्त ओळखून तपासायचं नाही. तेव्हा त्यांनी धाकटीचं सीरम आणखी एकोणीस जणांच्या सीरममध्ये मिसळून ठेवलं. म्हणजे बाटल्या एकत्र ठेवल्या, हे सांगायला नको. चिठ्ठ्या चिकटवायचं काम माझ्याकडे आलं. प्रत्येकाच्या दोन नळ्या, एकूण चाळीस. कुणाचा कुठला क्रमांक ती यादी माझ्या खणात, कुलूप लावून. धाकटीच्या नळ्या होत्या तेवीस आणि चोवीस. हे इमारतीत मला एकटीला माहीत होतं.

त्या दिवशी काकांनी सकाळी नऊपासून काम केलं. मनगटाची तीच वळवण, कागदाला टिपलेला तोच थेंब. दुपारी तीनला नळ्या यंत्रात गेल्या आणि पट्टी सरकायला लागली. निरोगी माणसाचा आकडा नऊ हजारांच्या आगेमागे यायचा. पाच-सहा नळ्या तशाच गेल्या. मधल्या एका रुग्णाचा चार हजार, आणखी एकाचा तीन. काका पट्टी बोटांवरून सोडत उभे होते. बाविसाव्या नळीला नऊ हजार दोनशे आले. मग तेविसावीला यंत्र जणू झोपलंच. अकराशे चाळीस. पाठोपाठ चोविसावी, अकराशे नव्वद.

"आई गं," काका म्हणाले. "हा कोण बिचारा? एवढा खाली आकडा मी चार वर्षांत पाहिला नाही. याचं काही खरं नाही बघ." आणि ते माझ्याकडे वळले.

मला चेहरा लपवता येत नाही. लहानपणापासून येत नाही.

ते बघत राहिले. पट्टी सरकत होती, पंचवीस, सव्वीस, सत्तावीस. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "माझा हात चुकला असेल."

एवढ्या वर्षांत हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

"साका निसटला असणार. दोन्ही नळ्यांतला. होतं कधीकधी." त्यांनी नळ्या बाहेर काढल्या, उजेडाकडे धरल्या. दोन्हींच्या तळाशी पांढरी कणी जिथल्या तिथे, घट्ट. तरी ते म्हणत होते, "अर्क शिळा असेल. सीरम कमीजास्त पडलं असेल." मी त्यांना खुर्ची दिली. ते बसले नाहीत.

बाई आल्या. पट्टी पाहिली, माझ्याकडून यादी घेतली, काकांकडे पाहिलं. "पुन्हा करू," म्हणाल्या.

"मी नाही करणार," काका म्हणाले. "तुम्ही करा. नव्या अर्कावर. माझा हात मध्ये नको."

दुसऱ्या दिवशी बाईंनी स्वतः तपासणी केली. सगळ्यांसमोर, ओठ आवळून, एकेक नळी दोन्ही हातांनी धरत. चार साके निसटले, एक नळी फुटली. पण धाकटीच्या दोन्ही नळ्या शाबूत राहिल्या, आणि आकडे आले अकराशे साठ आणि बाराशे दहा.

काकांनी ते पाहिलं आणि त्यांचे खांदे पुन्हा सरळ झाले. मला वाटलं होतं की ते कोसळतील. तसं काही झालं नाही. "बाईंच्या हातूनही तेच आलं म्हणजे खरंच आहे," म्हणाले. "ठीक. आता आपल्याला माहीत आहे. आता पुढचं बोला."

संध्याकाळी ते धाकटीकडे गेले. मला सोबत नेलं, का कोण जाणे. ती तिच्या कामाच्या खोलीत, एका भल्यामोठ्या फळ्यावर 'येथे सायकली दुरुस्त होतात' लिहीत बसली होती. नवरा कोपऱ्यात ब्रश धूत होता. काकांनी आडवळण घेतलं नाही. उलट्या डब्यावर बसून सगळं सांगितलं, खुर्च्या आणि टोप्यांसकट.

तिने ब्रश खाली ठेवला. "म्हणजे माझंच रक्त त्याला छळतंय? माझंच?"

"तुझं रक्त नाही. रक्तातला एक पदार्थ. तू तो बनवायला सांगितला नाहीस."

"आणि मला काहीच कळत नाही? मी तर मजेत आहे रे, दादा. झोपते, जेवते. हात बघ माझा." तिने हात पुढे केला. संथ पाण्यासारखा स्थिर.

"म्हणून तर कुणाला संशय आला नाही."

नवरा पहिल्यांदाच बोलला. "दादा, यावर इलाज आहे का?"

"आहे. पण आधी बाळाला खरंच त्रास होतोय का ते बघायचं. उद्या सकाळी."

तिने ब्रश उचलून 'दुरुस्त' मधला 'स्त' पुरा केला, आणि म्हणाली, "मोजता येतंय ना? मग माझी भीती अर्धी गेली. मोजता येत नव्हतं तेव्हा मला सगळे म्हणायचे, मनाचे खेळ आहेत तुझ्या."

प्रसूती विभागाचे प्रमुख वजनदार गृहस्थ होते, दोन्ही अर्थांनी. बाईंचा कागद त्यांनी वाचला आणि टेबलावर ठेवला. "आई उत्तम आहे. तिच्या रक्ताच्या बाकीच्या सगळ्या तपासण्या जिथल्या तिथे आहेत. गळ्यात ग्रंथी नाही. आणि तुमची ही तपासणी अजून रांगतेय, बाई. डुकराच्या गळ्यावरून मी माझ्या रुग्णाला औषध द्यायचं?"

बाईंचा पारा चढायला लागला होता. काका मध्ये पडले. "औषध नका देऊ, साहेब. फक्त बाळाचे ठोके मोजा. पूर्ण एक मिनिट. घड्याळ मी धरतो."

साहेबांनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "तुम्ही कोण?"

"बाळाचा मामा. आणि ही तपासणी मी करतो."

साहेब तिरसट असले तरी कामात चोख होते. त्यांनी परिचारिकेकडून धाकटीचा कागद मागवला. मागच्या दोन्ही खेपांना ठोके एकशे अडुसष्ट आणि एकशे बहात्तर लिहिलेले होते, आणि बाजूला शेरा, 'आई घाबरलेली'.

"मी घाबरले नव्हते," धाकटी म्हणाली. "मला लघवीला लागली होती."

साहेबांनी तिला झोपवलं, पोटावर कर्णा टेकवला आणि कान लावला. काकांनी घड्याळ धरलं. साहेब उठले आणि पुन्हा वाकले. "परत. घड्याळ लावा." दुसरं मिनिट संपलं.

"किती?" बाईंनी विचारलं.

"एकशे अठ्ठ्याऐंशी. मग एकशे नव्वद." साहेबांनी खुर्ची ओढली आणि बाईंना पहिल्यांदाच म्हणाले, "बसा. सविस्तर सांगा."

औषधाची गंमत अशी की घ्यायचं आईने आणि लागू पडायचं बाळाला. ग्रंथीला लगाम घालणारी गोळी, अगदी लहान मात्रेत. ती वारेतून पलीकडे जाते. धाकटीची रोजची गोळी वेगळी चालूच. मात्रा जास्त झाली तर बाळाची ग्रंथी मंदावायची, कमी पडली तर ठोके धावायचे. म्हणून दर आठवड्याला मोजणी. धाकटीने आपल्या कामाच्या खोलीतल्या भिंतीवर आकडे रंगवायला सुरुवात केली, वीतभर उंचीचे, ऑइलपेंटने. १८८. १७६. मग १७९, तेव्हा साहेबांनी मात्रा थोडी वाढवली. १६२. १५०. शेवटचे तीन १४४ च्या आसपास. गिऱ्हाईकं विचारायची, हे कसले भाव लिहिलेत? ती म्हणायची, "आमच्याकडच्या पाहुण्याचे."

मुलगी झाली, तीन आठवडे आधीच. वजन सव्वादोन किलो, आवाज मात्र पाच किलोचा. सगळे हुश्श करून बसले, पण काका म्हणाले, "अजून नाही. आईच्या गोळीचा असर बाळाच्या अंगातून चार दिवसांत उतरेल. खोटा साहेब मात्र महिनोन्महिने राहील. खरी परीक्षा पुढच्या आठवड्यात आहे." बाईंनी मान डोलावली. पुस्तकातही तेच होतं, पण काकांनी ते आपल्या हिशेबाने काढलं होतं.

सातव्या दिवशी मुलगी दूध पीत होती, तरी वजन उतरत होतं. नाडी उडत होती, डोळे टक्क उघडे, झोप नाही. तयारी होतीच. तासाभरात औषध सुरू झालं, सुईने मोजून, थेंबाथेंबाने. दहाव्या दिवशी ती पहिल्यांदा सलग तीन तास झोपली आणि तिच्याबरोबर तिचा बाप, बाकावर बसल्याबसल्या.

आता दर पंधरवड्याला तिचं रक्त तपासायचं होतं. एवढ्याशा जिवाचं रक्त घेणार किती? आमच्या तपासणीला लागायचं त्याचा चौथा हिस्साच मिळायचा. काकांनी तीन दिवस बसून सगळी मापं चौथाईवर आणली, लहान नळ्या शोधल्या, जुन्या सीरमवर आधी पंचवीस वेळा करून बघितलं, तेव्हाच भाचीच्या रक्ताला हात लावला. क्रमांक लावायचं काम पुन्हा माझंच. पण आता काका पट्टीकडे न बघता माझ्याकडेच बघत उभे राहायचे. "काय गं?" "थांबा ना, काका." पहिल्या तपासणीत चौदाशे आले होते. मग अडीच हजार. चार हजार तीनशे. सहा हजार. औषध निम्मं झालं, मग पाव झालं. चौदाव्या आठवड्यात आठ हजार नऊशे आले, निरोगी माणसाचा आकडा. साहेबांनी औषध बंद केलं. आईकडून आलेला पदार्थ संपला होता, आणि मुलीचं शरीर स्वतः तो बनवत नव्हतं. काकांनी ती पट्टी फाडून खिशात घातली. प्रयोगशाळेचा कागद घरी न्यायची मनाई होती. बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या.

मुलगी पुढे नीट वाढली. तिला काही झालं होतं हे सांगूनही कुणाला खरं वाटत नाही.

त्या वर्षी साहेबांनी आपल्या विभागाच्या छापील कागदावर एक ओळ वाढवली. आईच्या थायरॉइडवर पूर्वी शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार झाला आहे काय? असल्यास रक्त मागच्या इमारतीत पाठवावे. पहिल्या बारा महिन्यांत एकेचाळीस जणींचं रक्त आलं. सहा जणींत तो पदार्थ भरपूर सापडला आणि दोन बाळांना औषध द्यावं लागलं. तो पदार्थ असलेली सातवी एक बाई लांबून, आठवा महिना संपल्यावर आली. तिचं बाळ वाचलं नाही. दुसऱ्या दिवशी काकांनी डॉक्टरबाईंकडून परवानगी काढली आणि आसपासच्या सगळ्या लहान दवाखान्यांना पत्रं पाठवायला बसले. मजकूर त्यांचा, टायपिंग माझं. सत्तर पत्रं. "'कृपया' नको," म्हणाले. "'ताबडतोब' लिही."

पुढच्या वर्षी शहरातल्या डॉक्टरांची सभा भरली. बाईंनी तक्ते दाखवले आणि तपासणीबद्दल बोलायला काकांना उभं केलं. इस्त्रीच्या शर्टात ते पहिली दोन मिनिटं अवघडले, मग ग्रंथी कुठे असते ते हाताने दाखवायला लागल्यावर गाडी रुळावर आली. शेवटी मागच्या रांगेतून एका तरुण डॉक्टरने विचारलं, "पहिल्या तपासणीच्या वेळी ती नळी तुमच्या बहिणीची आहे हे माहीत असतं तर?"

काकांनी थोडा विचार केला. "तर मी तिला बरी करून टाकली असती," ते म्हणाले. "तिथल्या तिथे. ओतताना जरा चुकलो असतो, आकडा बाद झाला असता, आणि मी स्वतःला सांगितलं असतं की पुढच्या महिन्यात बघू. म्हणून सांगतो, क्रमांक दुसऱ्याला लावू द्या."

सभागृहात कुणी टाळी वाजवली नाही. लोक वहीत लिहून घेत होते. पुढच्या सोमवारी त्या तरुण डॉक्टरच्या दवाखान्यातून तीन बाटल्या आल्या, बर्फात नीट बांधलेल्या, आणि प्रत्येकीवर फक्त एक क्रमांक होता.